अनुस्वार हरवू न देता : एका डीजेव्हीयू फाइलीचे ईपब

माझ्या आईच्या आजोबांनी १९३४ साली स्वखर्चाने एक प्रवासवर्णन छापून घेतले होते. कोल्हापूरहून निघून, काही वाट बैलगाडीने आणि बरीचशी पायी तुडवत, आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या बंदरापर्यंत केलेल्या प्रवासाची हकीकत त्यात २१२ पानांत आली आहे. घरात त्याची एकही प्रत उरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका सार्वजनिक डिजिटल संग्रहात ते पुस्तक मला स्कॅन केलेल्या स्वरूपात सापडले, तेव्हा आईला झालेला आनंद आणि त्यापाठोपाठ तिच्या वाट्याला आलेली निराशा या दोन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्या. आई एकोणऐंशी वर्षांची आहे, आणि डोळ्यांच्या विकारामुळे तिला वाचायचे तर अक्षर अंगठ्याच्या नखाएवढे असावे लागते. टॅबलेटवर पान तेवढे मोठे केले की ओळीची दोन्ही टोके स्क्रीनबाहेर जात, प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवावे लागे आणि परत येताना ओळ चुके. तीन पानांनंतर तिने टॅबलेट बाजूला ठेवला आणि म्हणाली, "तूच वाचून दाखव गं कधीतरी." वाचून दाखवणे मला जड नव्हते, पण आपल्या आजोबांचे पुस्तक तिला स्वतःच्या डोळ्यांनी, तिच्या सवडीने वाचता यावे, असे मला मनापासून वाटत होते. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे पानांचे चित्र आणि पानांचा मजकूर यांतला फरक मला ठाऊक होता. चित्र मोठे केले की फक्त मोठे होते. मजकूर मोठा केला की तो स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे नव्याने ओळी पाडून घेतो. ईपब हे दुसऱ्या प्रकारचे स्वरूप आहे, आणि आईला तेच हवे होते.

पणजोबा १९५२ साली वारले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे या पुस्तकाचा हक्क २०१२ अखेर संपला होता. नात्याचा हक्क वेगळा आणि कायद्याचा वेगळा, म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी मी हा हिशेब करून घेतला.

मला मिळालेली फाइल डीजेव्हीयू या स्वरूपातली होती. या नावाचा उच्चार फ्रेंच शब्दाप्रमाणे 'देजा व्ह्यू' असा करतात, पण आमच्याकडे कोणी तसे म्हणत नाही. १९९६ पासून पुढे एटी अँड टी लॅब्जमध्ये यान लकून, लेओन बोतू, पॅट्रिक हाफनर आणि पॉल हॉवर्ड यांनी हे स्वरूप घडवले. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता, की रंगीत पान इंचाला ३०० ठिपक्यांच्या घनतेने स्कॅन केले तर त्याचा कच्चा आकार सुमारे २५ मेगाबाइट भरतो, आणि त्या काळच्या संथ जोडण्यांवरून असे पुस्तक कोणालाही पाठवता येत नसे. त्यांनी पानाचे थर वेगळे केले. अक्षरांच्या काळ्या आकृत्यांचा एक थर, ज्याला मुखवटा म्हणतात, तो पूर्ण घनतेने ठेवायचा. मागचा कागद, त्याचा पिवळेपणा, डाग आणि चित्रे यांचा थर बहुधा इंचाला १०० ठिपक्यांवर आणून वेगळ्या पद्धतीने आकुंचित करायचा. अक्षर तीक्ष्ण राहते, कागद थोडा धूसर होतो आणि वाचणाऱ्याला ते जाणवत नाही. माझी २१२ पानांची फाइल त्यामुळेच अवघी नऊ मेगाबाइटची होती. आज हे स्वरूप मागे पडले आहे. पुस्तके स्कॅन करून इंटरनेटवर खुली ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने २०१६ पासून नव्या पुस्तकांसाठी ते तयार करणे थांबवले. पण त्याआधी स्कॅन झालेली असंख्य पुस्तके अजून याच रूपात पडून आहेत, आणि या थरांची रचना समजून घेतल्याशिवाय त्यांतून काही चांगले बाहेर काढता येत नाही, हे मला पुढे पदोपदी जाणवले.

सुरुवात मी सगळ्यात सोप्या वाटेने केली. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेले कॅलिबर हे सॉफ्टवेअर आमच्या ग्रंथालयात वापरात आहे. त्यात डीजेव्हीयू फाइल टाकून ईपब मागितले, आणि काही क्षणांत एक ईपब तयारही झाले. उघडून पाहिले तर पानोपानी रोमन अक्षरांचा, आकड्यांचा आणि उभ्या रेघांचा अर्थहीन गुंता होता. कारण नंतर कळले. कॅलिबर डीजेव्हीयूमधली चित्रे वाचत नाही. फाइलीत चित्रामागे दडवलेला मजकुराचा थर असेल तर तेवढाच उचलते. आमच्या फाइलीतला तो थर, स्कॅन करताना यंत्राला भाषा इंग्रजी आहे असे सांगून तयार केलेला होता. देवनागरी शिरोरेषेला यंत्राने आडवी रेघ मानले होते आणि काना-मात्रांना इंग्रजी अक्षरे. ज्यांना अशी फाइल मिळेल त्यांनी आधी हा दडलेला थर काढून वाचून पाहावा. डीजेव्हीयू-लिब्रे या मुक्त साधनसंचात त्यासाठी एक छोटी आज्ञा आहे आणि तिला अर्धे मिनिटही लागत नाही. मी ते आधी केले नाही आणि एक संध्याकाळ गेली.

दुसरा मार्ग प्रत्येक पान चित्र म्हणून ईपबमध्ये बसवण्याचा होता. तसे ईपब तयार होते, प्रमाणितही ठरते. पण त्यातले पान पुन्हा चित्रच राहते, आणि आईची अडचण जिथल्या तिथे. मजकूर काढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

डीजेव्हीयू-लिब्रेमध्ये पान चित्ररूपात बाहेर काढताना पूर्ण रंगीत पान हवे, की केवळ मागचा थर, की केवळ मुखवटा, हे सांगता येते. मी केवळ मुखवटा काढला. नव्वद वर्षांचा पिवळा कागद, कडेची वाळवी, वाचनालयाच्या शिक्क्याची जांभळी शाई हे सगळे एका झटक्यात नाहीसे झाले आणि पांढऱ्या शुभ्र पृष्ठभागावर काळी अक्षरे उरली. ते पाहून मला झालेला आनंद अजून आठवतो. ही पाने मी स्कॅन टेलर या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, जोडपाने वेगळी केली, तिरपी पाने सरळ केली, समास काढून मजकुराची चौकट नेमकी आखली आणि इंचाला ६०० ठिपके या घनतेने नवी चित्रे तयार केली. याच टप्प्यावर सॉफ्टवेअर कचरा काढण्याची सोय देते, म्हणजे पानावरचे सुटे बारीक ठिपके शोधून पुसून टाकते. ती सोय आधीपासूनच सुरू होती. मी ती तशीच राहू दिली.

अक्षरे ओळखून मजकूर तयार करण्याचे काम टेसरॅक्टने केले. हे साधन एचपी कंपनीच्या ब्रिस्टल येथील प्रयोगशाळेत १९८५ ते १९९४ या काळात घडले, २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले, आणि २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ते अक्षरामागून अक्षर न पाहता अख्खी ओळ पाहून अंदाज बांधते. शिरोरेषेने जोडलेल्या आपल्या लिपीला ही पद्धत विशेष मानवते. मराठीसाठी त्याचे वेगळे प्रशिक्षण उपलब्ध आहे आणि ते निवडल्यावर पहिल्या पानाचा मजकूर पाहून मी थक्क झाले. दहा ओळींत तीन-चार चुका होत्या. दोन तासांत संपूर्ण पुस्तक मजकूर होऊन माझ्यासमोर होते आणि महिनाभरात काम संपेल, असे मी आईला सांगूनही टाकले.

चुकांचे स्वरूप हळूहळू ध्यानात आले. जुन्या खिळ्यांतला 'ख' हा 'र' आणि 'व' असा सुटा दिसतो, म्हणून 'खाली'चे 'रवाली' होई. 'भ'च्या डोक्यावरची शिरोरेषा जिथे तुटलेली असते तो तुकडा शाई पसरून भरला की 'भ'चा 'म' होई, आणि 'घाट'चा 'धाट' तर जागोजागी झाला होता. 'रवाली'सारख्या चुका त्रासदायक असतात, पण धोकादायक नसतात. असा शब्दच मराठीत नाही, त्यामुळे शब्दसूचीशी ताडून पाहणारे यंत्र त्या लगेच दाखवते. खरा धोका चुकून दुसरा खरा शब्द तयार होतो तेव्हा असतो. पणजोबांच्या पुस्तकात आंबा घाटातल्या दऱ्या पानोपानी येतात, आणि शेवटच्या तीन प्रकरणांत रत्नागिरीचा दर्याही येतो. 'दऱ्या' या शब्दात 'य'ला डावीकडून बिलगणारा वळणदार अर्धा 'र' आहे, 'दर्या'त 'य'च्या डोक्यावरचा रफार. छापील अक्षरात दोन्ही खुणा बारीक असतात. यंत्राने बहुतेक दऱ्यांचा दर्या करून टाकला होता, आणि शब्दसूचीच्या लेखी त्यात काहीही चुकलेले नव्हते. घाट उतरणाऱ्या बैलांच्या दोन्ही बाजूंना दर्या पसरलेला असल्याचे एक पान आईने वाचले आणि तिला हसू आवरेना. 'भार' आणि 'मार' यांचेही तसेच झाले होते. बैलांवरचा भार वाचताना बैलांना पडणारा मार होई, आणि वाक्य तरीही नीट लागे.

या वळणदार 'र'ची आणखी एक अडचण आहे, जी डोळ्यांना दिसतच नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्याच्यासाठी असलेला स्वतंत्र 'ऱ' वापरून त्याचा पाय मोडतात; दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देतात. दिसायला दोन्ही सारखे असतात. पण एका प्रकारे शोध घेतला तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला शब्द सापडत नाही. माझ्या मजकुरात दोन्ही मिसळले होते, कारण यंत्राने दिलेला एक आणि मी दुरुस्त करताना टंकलेला दुसरा. सगळा मजकूर पहिल्या प्रकारावर आणल्यावरच मला दऱ्या आणि दर्या यांची झाडून सारी ठिकाणे एकेक करून तपासता आली.

चाळीस पाने तपासून झाली होती, तेव्हा मला एक गोष्ट खटकली. पणजोबांचे पुस्तक जुन्या शुद्धलेखनाचे आहे. व्युत्पत्तीने आलेले, पण उच्चारात न उरलेले अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी गेले. शासनाने ते नियम १९६२ मध्ये स्वीकारले. त्याआधी 'नांव', 'कांहीं', 'तें', 'केलें', 'घरांत' असेच लिहीत आणि छापत. माझ्या मजकुरात मात्र एका ओळीत 'घरांत' होते आणि पुढच्याच ओळीत 'घरात'. एका परिच्छेदात 'तें' तीनदा अनुस्वारासह आणि चारदा अनुस्वाराविना. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या, दाते छापखान्यात बसून स्वतः मुद्रिते तपासणाऱ्या माणसाने इतका ढिलेपणा केला असेल, हे मला पटेना. मी ज्या चित्रांशी मजकूर ताडून पाहत होते ती चित्रे काढून पुन्हा पाहिली. त्या चित्रांतही तिथे अनुस्वार नव्हता. यंत्राने नीटच वाचले होते. मग मी मूळ डीजेव्हीयू फाइल उघडली, तेच पान चौपट मोठे केले, आणि शिरोरेषेच्या वर, अगदी अपेक्षित जागी, टिंब दिसले.

हिशेब साधा होता. या पुस्तकातल्या अनुस्वाराचे टिंब जेमतेम ०.४ मिलिमीटर रुंद आहे. इंचाला ३०० ठिपके या घनतेत ते पाच ठिपक्यांहूनही कमी रुंदीचे होते. ते कोणत्याही अक्षराला चिकटलेले नसते. पांढऱ्या जागेत एकटे असते. पानावरचा कचराही असाच असतो, बारीक आणि एकटा. कचरा काढणाऱ्या सोयीने जिथे टिंब थोडे फिकट छापले होते तिथे ते कचरा म्हणून पुसून टाकले होते आणि जिथे शाई ठसठशीत होती तिथे राहू दिले होते. रोमन लिपीच्या पानावर 'आय' या लहान अक्षरावरचा ठिपका असा गेला तर वाचकाचे काहीच बिघडत नाही. आपल्याकडे मात्र त्या एका टिंबावर व्याकरण उभे असते. जुन्या लेखनात 'केलें' हे नपुंसकलिंगी एकवचन आहे आणि 'केले' हे पुल्लिंगी अनेकवचन. 'तें' म्हणजे ती वस्तू आणि 'ते' म्हणजे ती माणसे. टिंब गेले की वाक्यातला कर्ता-कर्माचा संबंध बदलतो आणि वाचकाला तो बदलल्याचे कळतही नाही. उलट दिशेने हीच अडचण कागदावरच्या डागांनी केली होती. शिरोरेषेच्या वर पडलेल्या एखाद्या डागाने 'तो'चे 'तों' केले होते, आणि 'तों' हाही जुन्या मराठीतला खरा शब्द आहे.

मी चाळीस पानांचे काम टाकून दिले. स्कॅन टेलरमधली कचरा काढण्याची सोय पूर्ण बंद केली, सगळी २१२ पाने पुन्हा तयार केली आणि यंत्राकडून पुन्हा वाचून घेतली. आता चुका वाढल्या, कारण खरा कचराही यंत्राला दिसू लागला. पण टिंबे परत आली. यापुढे मी एक नियम पाळला, तो असा की मजकूर ताडून पाहायचा तो स्वच्छ केलेल्या चित्राशी नव्हे, तर मूळ फाइलीतल्या रंगीत पानाशी. स्वच्छ केलेले चित्र यंत्रासाठी असते. माणसाने तपासताना मूळच समोर ठेवले पाहिजे, नाहीतर यंत्राची चूक आणि तिचा पुरावा दोन्ही एकाच साच्यातून आलेले असतात.

तरीही काही पानांवर अनुस्वार कमीच भरत होते. पान ८० ते ११० या भागात तर ते जवळजवळ नव्हतेच, आणि तिथे रंगीत पान कितीही मोठे केले तरी टिंब दिसत नव्हते. डीजेव्हीयू तयार करणाऱ्या साधनांतही असाच एक पर्याय असतो, जो आकुंचन करण्यापूर्वी बारीक ठिपके झाडून टाकतो, त्यामुळे फाइल थोडी आणखी लहान होते. ही पाने त्या पर्यायातून गेली असावीत, असा माझा तर्क आहे. ज्यांनी हे पुस्तक स्कॅन केले त्यांचे आमच्यावर उपकार आहेत. त्यांनी ते केले नसते तर आमच्या हाती काहीच आले नसते. पण त्या एकतीस पानांसाठी मला कागदाकडे जाणे भाग होते. कोकणातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या सूचीत पुस्तकाची नोंद सापडली. मी रजा काढून गेले. ग्रंथपालांनी कपाटातून प्रत काढून दिली, बाइंडिंग सैल झाले आहे तेव्हा पान पूर्ण पालथे करू नका एवढे सांगितले आणि छायाचित्रे घेऊ दिली. खिडकीच्या तिरप्या उजेडात मी पान ९३ धरले. शाई नव्वद वर्षांत तपकिरी झाली होती, पण प्रत्येक टिंबापाशी खिळ्याच्या दाबाने कागदाला पडलेली बारीकशी खळी होती, आणि जिथे शाई पुरती उडाली होती तिथेही ती खळी बोटाला नाही तरी डोळ्याला जाणवत होती. मी एकतीस पानांची छायाचित्रे घेतली.

मजकूर तपासण्याची जुनी रीत म्हणजे एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रित पाहायचे. आई आणि मी रोज संध्याकाळी तसे बसू लागलो. मी मूळ वाचत असे आणि ती टॅबलेटवर, तिला हव्या त्या आकारात, तयार होत असलेले ईपब पाहत असे. पहिल्याच दिवशी लक्षात आले, की या रीतीने अनुस्वार तपासता येणार नाहीत. आज आपण 'तें' आणि 'ते' सारखेच वाचतो. जे उच्चारातच नाही ते ऐकणाऱ्याला कळणार कसे? मग आईनेच तोड काढली. ती म्हणाली, "आजोबा बोलायचे तसं वाच. नाकातून." पणजोबा गेले तेव्हा ती सात वर्षांची होती, पण त्यांचे बोलणे तिच्या कानात आहे. कोकणातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात तो अनुनासिक उच्चार स्पष्ट ऐकू येई. 'तें घेतलें कां?' असे विचारताना प्रत्येक टिंब नाकात वाजे. तिने मला चार-पाच वाक्ये तशी म्हणून दाखवली आणि मी वाचायला शिकले. त्यानंतर मी 'केलें' म्हटले आणि तिच्यासमोर 'केले' असले की ती हात वर करी. रोज चार-पाच पाने होत. पुस्तक संपायला सात आठवडे लागले, आणि या सात आठवड्यांत मजकुराइतकाच तो आवाजही माझ्यापर्यंत पोहोचला.

जुने लेखन तसेच ठेवावे की आजच्या नियमांप्रमाणे बदलावे, हा प्रश्न मला काहींनी विचारला. बदलण्याच्या बाजूने एक सबळ कारण आहे. पणजोबांच्या 'घरांत'चा अर्थ 'घरामध्ये' असा एकवचनी आहे, आणि आजचा वाचक 'घरांत' वाचून अनेक घरे समजतो. तरीही मी ते तसेच ठेवले. जे पुस्तक पुन्हा कोणी छापण्याची शक्यता नाही त्याची एकमेव वाचनीय प्रत तयार करताना त्याची भाषा बदलण्याचा अधिकार माझ्याकडे आहे असे मला वाटत नाही. सुरुवातीला अर्ध्या पानाची टीप देऊन जुन्या अनुस्वारांचा अर्थ सांगितला आहे. ज्यांना आजच्या लेखनातली आवृत्ती हवी त्यांना ती या मजकुरावरून करता येईल. बदललेल्या मजकुरावरून मूळ परत मिळणार नाही.

ईपबची बांधणी त्यामानाने लवकर झाली. ईपब ही वस्तुतः एक झिप फाइल असते आणि तिच्यात संकेतस्थळासाठी लिहितात तशीच पाने, त्यांचा क्रम सांगणारी एक यादी आणि अनुक्रमणिका असते. सिजिल या ईपब संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी प्रकरणागणिक फाइल केली, प्रत्येक पानाच्या डोक्यावरची शीर्षओळ आणि तळाशी छापलेले फर्म्याचे, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांच्या गठ्ठ्याचे, आकडे काढले, ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडले. छापील पृष्ठांक मात्र मजकुरात अदृश्य खुणा म्हणून ठेवले, म्हणजे कोणाला मूळ पुस्तकातले पान ९३ काढायचे असेल तर ते काढता येते. भाषा मराठी असल्याची नोंद प्रत्येक फाइलीत केली. यामागे कारण आहे. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' यांना युनिकोडमध्ये वेगळे स्थान नाही. फॉन्टला भाषा मराठी आहे हे कळले तरच तो ती वळणे देतो, आणि सगळी वाचनयंत्रे ही माहिती फॉन्टपर्यंत पोहोचवत नाहीत. आईच्या टॅबलेटवर हिंदी वळणाचा 'ल' दिसत होता आणि तिला तो अडखळवत होता. शेवटी टिरो देवनागरी मराठी हा मुक्त परवान्याचा फॉन्ट मी ईपबमध्येच अंतर्भूत केला. त्यात मराठी वळणे मुळातच आहेत, त्यामुळे यंत्राच्या मर्जीवर काही राहिले नाही. एक सूचना करावीशी वाटते : फाइल हाताने उघडून दुरुस्त केल्यावर पुन्हा झिप करताना 'माइमटाइप' नावाची छोटी फाइल सर्वांत आधी आणि आकुंचन न करता ठेवावी लागते. तसे न केल्यास काही यंत्रे ते पुस्तक उघडत नाहीत. ईपबचेक हे तपासणीचे साधन ही चूक लगेच दाखवते.

पुस्तकात दोन छायाचित्रे आहेत. मुखवट्याच्या थरात ती उतरतच नाहीत, आणि मागच्या थरातून काढली तर इतक्या कमी घनतेची मिळतात, की घाटातला रस्ता आणि धुके वेगळे दिसेना. वाचनालयातल्या प्रतीवरून घेतलेली छायाचित्रे तिथे कामी आली.

अखेरच्या चार पानांत प्रवासखर्चाचा तक्ता आहे, रुपये, आणे आणि पै अशा तीन स्तंभांत. यंत्राने आकडे सगळ्यांत वाईट वाचले होते, आणि आकड्यांना शब्दसूचीही मदत करत नाही. पण पणजोबांनी तळाशी बेरीज दिली होती. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया असा हिशेब धरून मी बेरीज केली तेव्हा ती आठ आण्यांनी कमी भरली. शोधता शोधता साखरप्याच्या मुक्कामातल्या नोंदीत ९ आण्यांचा १ झालेला सापडला, आणि हिशेब पैपर्यंत जुळला. मोठ्या अक्षरांत तीन स्तंभ स्क्रीनवर मावत नव्हते, म्हणून तक्ता मोडून प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळीत घेतली.

राहिले शुद्धिपत्र. मूळ पुस्तकाच्या शेवटी तेवीस दुरुस्त्या आहेत : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. ईपबमध्ये ओळ ही गोष्टच स्थिर नसते. आईच्या टॅबलेटवर जी विसावी ओळ ती माझ्या फोनवर बाराव्या ठिकाणी येते. म्हणून लेखकाने स्वतः सांगितलेल्या त्या तेवीस दुरुस्त्या मजकुरात करून घेतल्या, शुद्धिपत्राचे पानही ठेवले आणि तिथल्या प्रत्येक नोंदीवरून त्या त्या जागी जाण्याचा दुवा दिला. शुद्धिपत्रात नसलेल्या, पण उघड दिसणाऱ्या छपाईच्या चुका मी दुरुस्त केल्या नाहीत.

पुस्तक आईच्या टॅबलेटवर गेले त्याच्या चौथ्या दिवशी तिचा फोन आला. पान ९७ वर एका 'ते'वर टिंब हवे होते आणि नाही, असे तिचे म्हणणे होते. मी वाचनालयात घेतलेले छायाचित्र काढून मोठे केले. त्या जागी शाई नव्हती आणि कागदाला खळीही नव्हती. जुळाऱ्याने खिळा लावतानाच तो टिंबाविना लावला होता, मुद्रिते तपासताना पणजोबांच्या नजरेतून ते सुटले होते आणि शुद्धिपत्रातही त्याची नोंद नव्हती. मी आईला तसे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग राहू दे तसंच," आणि पुढचे पान वाचू लागली.